शिक्षा धक्क्यावरच हवी

बोट बुडाली की दोन-तीन दिवसांतच लोकांचे दोन तट पडतात. एकीकडे कॅप्टनला फासावर चढवा, मालकावर खुनाचा गुन्हा नोंदवा असे म्हणणारे. दुसरीकडे समुद्रापुढे कोणाचे काही चालत नाही, अपघात तो अपघातच, असे समजावणारे. पहिल्यांचा संताप खरा असतो, दुसऱ्यांचा अनुभवही खोटा नसतो. पण दोघेही बोलतात ते बोटीच्या शेवटच्या फेरीबद्दल. त्याच बोटीने तितकीच माणसे कोंबून, आगीवर पाणी मारायचे तेच कुजके होज-पाइप आणि तीच फाटकी लाइफ जॅकेट घेऊन त्याआधी ज्या फेऱ्या सुखरूप मारल्या, त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षरही काढत नाही. गुन्हा तर त्या फेऱ्यांमध्येच घडत आलेला असतो. शेवटच्या दिवशी तो फक्त सगळ्यांना दिसतो.

म्हणून माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. जहाजावरचे सुरक्षा नियम मोडल्याची मुख्य शिक्षा जहाज बुडाल्याबद्दल नको, ते तशा अवस्थेत सुटल्याबद्दल हवी. ती धक्क्यावर, दोर सोडण्याआधी मिळायला हवी. ती लहान असली तरी चालेल, पण चुकवता येता कामा नये. आणि तिचा मोठा भार सुकाणू धरणाऱ्यावर न टाकता, जादा माणसे आणि जादा माल भरल्याने ज्याचा गल्ला भरतो त्याच्यावर टाकायला हवा. बहुतेक देशांत प्रत्यक्षात चालते ते याच्या उलट. नियम मोडणे वर्षानुवर्षे फुकट असते आणि एके दिवशी अचानक त्याची किंमत एखाद्या कॅप्टनच्या आयुष्याएवढी होते.

नियम मोडणाऱ्या मालकाचा हिशोब पाहा. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतले की मिळणारे पैसे रोजचे आणि रोख असतात. पंप दुरुस्त केला नाही, दोन खलाशी कमी ठेवले, तर वाचणारा खर्चही नक्की असतो. दुसऱ्या पारड्यात काय असते? अपघाताची शक्यता, जी कोणत्याही एका फेरीत अगदी थोडी असते. झालाच अपघात तर रेंगाळणारा खटला. आणि खटल्याच्या शेवटी एक शिक्षा, जी बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी होते. कायद्यात तिथे जन्मठेप लिहा की फाशी, पारडे हलत नाही, कारण 'आपली बोट काही बुडत नाही' ही मालकाची खात्री प्रत्येक सुखरूप फेरीगणिक पक्की होत जाते. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की होणार या जाणिवेने जास्त धाक बसतो, हे दंडशास्त्र अठराव्या शतकापासून सांगत आले आहे. लाल सिग्नल तोडणाऱ्याची पावती फाडताना पोलीस त्याने कोणाला उडवले का, हे विचारत नाही. मग पाण्यावरच आपण प्रेते मोजल्याशिवाय गुन्हा का मोजत नाही?

१५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये 'जनरल स्लोकम' ही सहलीची आगबोट पेटली. चर्चच्या सहलीला निघालेल्या बायका-मुलांनी ती भरलेली होती. हजाराहून अधिक माणसे गेली. खलाशांनी आगीवर पाणी मारायला घेतले तेव्हा कुजलेला होज दाबाने जागोजाग फाटला. लाइफबोटी जागच्या हलेनात. लाइफ जॅकेटमधल्या बुचाचा वर्षानुवर्षे ऊन-पावसात राहून भुगा झाला होता. आयांनी ती जॅकेट मुलांच्या अंगावर बांधली, मुलांना पाण्यात सोडले आणि मुले डोळ्यांदेखत खाली गेली. पुढे तपासाच्या ओघात असेही उघडकीला आले की बूच पुरवणाऱ्या एका कंपनीने, नियमात ठरलेले वजन भरावे म्हणून, बुचाच्या ठोकळ्यांत लोखंडाचे तुकडे घातले होते. जीव वाचवण्याच्या साधनात लोखंड घालायचे, तेही नियम पाळल्याचे दाखवण्यासाठी.

आता शिक्षा कोणाला झाली ते बघू. कॅप्टनला दहा वर्षांची सजा झाली. साडेतीन वर्षे तुरुंगात काढून तो सुटला आणि पुढे राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. तो निर्दोष नव्हता. आगीची कवायत त्याने खलाशांकडून करूनच घेतली नव्हती. पण ज्या निरीक्षकाने सुमारे महिनाभर आधी बोट तपासून सगळे ठीक असल्याचा दाखला दिला, तो दोषी ठरला नाही. लोखंड घालणाऱ्या कंपनीच्या माणसांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा झाली नाही. आणि बोटीची मालक कंपनी, तपासणीच्या नोंदी खोट्या केल्याचा पुरावा समोर असूनही, किरकोळ दंड भरून मोकळी झाली. तो होज जूनमध्ये एका दिवसात कुजला नव्हता. निरीक्षक बोटीवर आला त्या दिवशी त्याने एकदा पाणी सोडून पाहिले असते आणि नवा होज येईपर्यंत बोट धक्क्याला बांधून ठेवली असती, तर मालकाचे थोडे दिवसांचे भाडे बुडाले असते. एवढीच शिक्षा पुरली असती.

एकशे दहा वर्षांनंतर, १६ एप्रिल २०१४ रोजी, दक्षिण कोरियात 'सेवोल' कलंडले. ३०४ बळी गेले, त्यांत बहुतेक शाळेच्या सहलीची मुले. हे जहाज जपानमध्ये वापरून झालेले. मालकांनी ते विकत घेऊन वरच्या बाजूला केबिन वाढवल्या होत्या. त्याने जहाजाचा तोल बिघडला, म्हणून मालाची मर्यादा ९८७ टनांवर आणली गेली होती. त्या दिवशी त्याच्यावर दोन हजार टनांहून अधिक माल होता. इतका माल चढला की जहाज दबते आणि त्याच्या अंगावरची भाररेषा, म्हणजे जहाज किती खोल दबू द्यायचे ते दाखवणारी खूण, पाण्याखाली जाते. धक्क्यावर उभ्या असलेल्या कोणालाही ते दिसते. यावर उपाय म्हणून तळाच्या टाक्यांतले पाणी कमी केले गेले. जहाज वर उचलले गेले, रेषा पुन्हा दिसू लागली, पाहणाऱ्याच्या दृष्टीने सगळे नियमात बसले. पण काढून टाकलेले ते पाणीच जहाजाला सरळ उभे ठेवत होते. वरचे वजन वाढलेले, तळाचे घटलेले, माल नीट न बांधलेला. एका वळणावर जहाज कलले, माल एका अंगाला घसरला आणि ते परत उठले नाही.

कॅप्टन मुलांना आत सोडून स्वतः बाहेर पडला. त्याला अपिलात खुनाबद्दल जन्मठेप झाली, आणि ती योग्यच होती. कंपनीच्या प्रमुखालाही सात वर्षे झाली. असा मालकापर्यंत पोचणारा निकाल विरळाच, हे मान्य करायला हवे. तरीही एक प्रश्न उरतोच. मर्यादेपेक्षा जास्त माल त्या दिवशीच पहिल्यांदा चढला होता का? नाही, आधीच्या अनेक फेऱ्यांतही तेच चालले होते, हे तपासात दिसून आले. त्या प्रत्येक फेरीच्या आधी कोणीतरी जहाजाला हिरवा कंदील दाखवला होता. जन्मठेपेची तरतूद तेव्हाही कायद्यात होती. तिने एकाही फेरीचा एक टन माल कमी केला नाही.

ती भाररेषा जहाजांवर आली कशी, हा इतिहास या वादात कोणी आणत नाही, आणायला हवा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जुनाट, कुजकी जहाजे वाटेल तितका माल भरून समुद्रात ढकलली जात. विमा भरभक्कम असे. जहाज पोचले तर फायदा, बुडाले तरी फायदा. अशा जहाजांना तरंगत्या शवपेट्या म्हणत. आणि त्या काळचा कायदा काय सांगत होता? करारावर सही केलेला खलाशी जहाजाची अवस्था पाहून चढायला नकार देऊ लागला, तर त्याला तुरुंगात टाका. १८७० च्या आसपास असे शेकडो खलाशी तुरुंगात गेले. म्हणजे कायदा होता, शिक्षा होती, ती कडकही होती आणि तिची अंमलबजावणीही चोख होत होती. फक्त ती 'मी या जहाजावर जाणार नाही' असे म्हणणाऱ्याला होत होती. केवळ 'कडक शिक्षा करा' म्हणणाऱ्यांनी या गोष्टीपाशी थोडे थांबावे.

सॅम्युएल प्लिम्सॉल हा खासदार याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडला. १८७५ मध्ये सरकार विधेयक गुंडाळते आहे असे पाहिल्यावर तो भर सभागृहात सदस्यांना बदमाश म्हणून मोकळा झाला. लोकमत पेटले आणि १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषेची खूण सक्तीची झाली. पण ती खूण जहाजाच्या अंगावर नेमकी कुठे रंगवायची, हे मालकावरच सोपवले गेले! सरकारने ती जागा स्वतः ठरवायला १८९० साल उजाडले. चौदा वर्षे मर्यादा सक्तीची होती आणि ती कुठे आहे हे तोडणाराच ठरवत होता. आज ही खूण जगभर मालवाहू जहाजांवर दिसते: एक वर्तुळ, त्यातून जाणारी आडवी रेघ आणि शेजारी उष्ण कटिबंध, उन्हाळा, हिवाळा, गोडे पाणी यांच्यासाठी लहान-मोठ्या रेघांची शिडी. तिचे मोठेपण असे की न्यायाधीश, वकील, चौकशी आयोग यांच्याआधी ती धक्क्यावरच्या हमालाला वाचता येते. गुन्हा घडत असताना दिसतो आणि घडण्याआधी थांबवता येतो. सेवोलवर नेमके हेच दिसणे टाक्यांतले पाणी काढून बंद पाडले गेले. म्हणूनच मी पुढे खोट्या नोंदींबद्दल वेगळे बोलणार आहे.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यांत वजनदार आक्षेप जिवाभावाची माणसे गमावलेल्यांचा आहे. ते म्हणतील, तीनशे माणसे मारली तरी तेवढाच दंड आणि दहा प्रवासी जास्त घेतले तरी तेवढाच, हा कुठला न्याय? त्यांचे म्हणणे रास्त आहे. मृत्यूचा हिशोब वेगळा झालाच पाहिजे आणि तो रद्द करा असे मी म्हणत नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले, ३२ जण मेले. बेटाला सलामी द्यायला किनाऱ्याच्या अगदी जवळून जहाज नेणारा आणि प्रवाशांच्या आधी ते सोडणारा कॅप्टन सोळा वर्षांच्या शिक्षेलाच पात्र होता. पण त्याच प्रकरणात कंपनीने आधीच तडजोड करून दहा लाख युरो दंड भरला आणि फौजदारी खटल्यातून ती बाहेर पडली. किनाऱ्याजवळून अशी सलामी देण्याची प्रथा तिला अपरिचित होती का? २०११ मध्ये तशाच एका फेरीला कंपनीची परवानगी होती. एका माणसाला मोठी शिक्षा झाली की सगळ्यांना न्याय झाल्यासारखे वाटते आणि चौकशी तिथेच थांबते, ही त्या शिक्षेची दुसरी बाजू आहे. मृतांच्या नातेवाइकांना जो न्याय हवा असतो त्यात 'पुन्हा कोणाच्या वाट्याला हे येऊ नये' हेही असते. शिक्षेचा हा अर्धा भाग कॅप्टनच्या कोठडीत पूर्ण होत नाही.

दुसरा आक्षेप दर्यावर्दींचा. ते म्हणतात, उठसूट फौजदारी कराल तर समुद्रावर कोणी खरे बोलणार नाही. त्यांच्यापाशी ठोस उदाहरण आहे. डिसेंबर २००७ मध्ये कोरियाच्या किनाऱ्यापाशी 'हेबेई स्पिरिट' हे तेलवाहू जहाज नांगर टाकून उभे होते. वादळात दोर तुटलेला एक क्रेनचा तराफा वाहत येऊन त्याच्यावर आदळला आणि दहा हजार टनांहून अधिक तेल समुद्रात गेले. खालच्या न्यायालयाने जहाजाच्या कॅप्टनला आणि चीफ ऑफिसरला, दोघेही भारतीय, निर्दोष सोडले; अपिलात त्यांना दोषी ठरवून तुरुंगात टाकले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगवास रद्द केला, पण अपघातानंतर घरी परतायला दोघांना दीड वर्ष लागले. उभ्या जहाजावर दुसऱ्याने येऊन धडक दिली, तरी कोठडी यांच्या नशिबी. असे पाहिल्यावर पुढच्या अपघातात कोणता अधिकारी चौकशीत मोकळेपणाने तोंड उघडेल? अपघाताची सुरक्षा-चौकशी ही दोष ठरवण्यासाठी नसावी, असे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०१० पासून लागू असलेल्या संहितेत म्हटले आहे ते याच कारणाने. हा आक्षेप मी जसाच्या तसा स्वीकारतो. मात्र त्याचा रोख बारकाईने पाहा. तो परिणामावरून शिक्षा ठरवण्याच्या विरुद्ध आहे. तेल सांडले म्हणून कोणीतरी आत गेलेच पाहिजे, या वृत्तीच्या विरुद्ध आहे. पंप चालू नसताना जहाज बंदरातून सोडले, याबद्दलच्या दंडाच्या विरुद्ध तो नाही. प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून मोडलेला नियम यांत फरक करायचा तर तो अपघाताच्या धुरळ्यात नीट करता येत नाही. धक्क्यावर उजेडात करता येतो.

आणखी एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी: शिक्षा नियमाच्या पुढे जाऊ शकत नाही. टायटॅनिकवर सुमारे बावीसशे माणसे होती आणि लाइफबोटींत जागा ११७८ जणांना. तरी एकही नियम मोडलेला नव्हता. त्या वेळचा ब्रिटिश नियम दहा हजार टनांवरच्या कोणत्याही जहाजाला सोळा बोटी पुरेशा मानत होता, मग जहाज ४६ हजार टनांचे का असेना. टायटॅनिकवर वीस होत्या. तिथे कोणता निरीक्षक काय अडवणार? नियमच जुना असेल तर आधी तो बदलावा लागतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो, कारण तो गरिबाच्या बाजूने येतो. लहान होडीवाला, लाँचवाला दिवसाच्या कमाईवर जगतो. मोठा दंड ठेवला तर तो देशोधडीला लागेल. आणि त्याआधी निरीक्षक येऊन दंडाच्या निम्म्यात मिटवून जाईल. दंड जितका मोठा, तितका हप्ता मोठा. यातले काहीही खोटे नाही. म्हणूनच कायद्यात रकमेचा आकडा वाढवत नेणे हा उपाय मला पटत नाही. तो आकडा मोठ्या कंपनीला चिल्लर असतो आणि लहान मालकाला फास. त्याऐवजी जहाज अडकवून ठेवणे, ज्याला बंदरात सगळे डिटेन्शन म्हणतात, ही शिक्षा आपोआप ज्याच्या त्याच्या मापाची होते. लाँचवाल्याच्या दोन फेऱ्या बुडतात, कंटेनर जहाजाचे दिवसाचे प्रचंड भाडे बुडते. आणि तेवढ्या वेळात धोका पाण्यावर जात नाही, जे कोणताही दंड करू शकत नाही.

हे काही माझ्या डोक्यातले स्वप्न नाही. १९७८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर 'अमोको काडिझ' हे तेलवाहू जहाज फुटून तेलाचा अनर्थ झाला, त्यानंतर १९८२ मध्ये युरोपीय देशांनी पॅरिसचा सामंजस्य करार केला. बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजावर निरीक्षक चढतात, गंभीर दोष दिसला तर दुरुस्त होईपर्यंत ते अडकवतात, जहाजाचे नाव आणि कारण जाहीर करतात. वारंवार अडकणाऱ्या जहाजाला त्या साऱ्या बंदरांची दारे बंद होऊ शकतात. ज्या देशांचे झेंडे लावलेली जहाजे वारंवार अडकतात ते देश काळ्या यादीत जातात. पुढे पॅसिफिक आणि हिंदी महासागरातही असे करार झाले. जहाजाचा मालक एका देशात, नोंदणी पनामात किंवा लायबेरियात, चालवणारी कंपनी तिसरीकडे; अशा गुंत्यात फौजदारी खटला कोणावर आणि कुठे भरायचा, यातच वर्षे जातात. मालक दहा कंपन्यांच्या आड लपू शकतो. जहाजाला मात्र माल उतरवायला धक्क्यावर यावेच लागते.

उलट, भारताकडे पाहा. असुरक्षित किंवा जादा भरलेल्या बोटीतून भाडे घेऊन माणसे नेणे हा १८६० च्या दंडसंहितेत कलम २८२ खाली गुन्हाच होता: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. नव्या न्याय संहितेत तो कलम २८४ झाला, दंड पाच हजारांपर्यंत गेला. कोणी मरायला हवे अशी अट या कलमात नाही. म्हणजे मी मागतो आहे ते तत्त्व कायद्यात दीडशे वर्षांहून अधिक काळ लिहिलेले आहे. पण बोट बुडण्याआधी या कलमाखाली एखाद्या मालकाला धरल्याची बातमी आपण शेवटची कधी वाचली? ७ मे २०२३ रोजी केरळमध्ये तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. मासेमारीच्या बोटीत फेरफार करून ती चालवली जात होती, सूर्यास्तानंतरची फेरी होती, माणसे क्षमतेपेक्षा जास्त होती. मग मालकावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. एका टोकाला हजार रुपये, दुसऱ्या टोकाला खून, आणि मधली सगळी जागा मोकळी. बोटीचा बदललेला आकार काही त्या संध्याकाळी घडला नव्हता.

हप्त्याचा प्रश्न तरी उरतोच, आणि त्यावर माझ्याकडे जादूची कांडी नाही. पण दोन गोष्टी नक्की करता येतात. बोटीवर किती माणसे, किती जॅकेट, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला आणि कोणी केली, हे चढण्याच्या जागीच प्रवाशाच्या डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. म्हणजे मोजणारे डोळे एकट्या निरीक्षकाचे राहत नाहीत. आणि दाखला देणाऱ्याचे नाव दाखल्यासोबत जिवंत राहावे. स्लोकमच्या निरीक्षकासारखे दाखला देऊन विसरून जाणे कोणालाही जमू नये. सुरक्षित बोटीचे तिकीट महाग पडेल, हेही लपवण्यात अर्थ नाही. बेटावरच्या लोकांना दुसरा रस्ताच नसेल तर तो जादा खर्च सरकारी तिजोरीने उचलावा. तो प्रवाशांच्या जिवावर भागवू नये.

कॅप्टनबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण या वादात त्याला एक तर खलनायक करतात नाही तर बळीचा बकरा. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झेब्रुग्गे बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरीबोट पुढचे दार उघडे ठेवूनच निघाली, काही मिनिटांत आडवी झाली आणि १९३ जण मेले. दार बंद करायचे ज्याचे काम होते तो झोपून राहिला होता. पण कंपनीच्या कॅप्टनांनी त्याआधीच लेखी मागणी केली होती की दार बंद आहे की उघडे हे दाखवणारा दिवा वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, बसवा. कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी ती मागणी थट्टेवारी नेली. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी साऱ्या कंपनीला वरपासून खालपर्यंत ढिलाईचा रोग जडल्याचे म्हटले. कंपनीवर मनुष्यवधाचा खटला झाला तो १९९० मध्ये कोसळला, कारण वरच्या कोणा एका व्यक्तीवर दोष नेमका ठेवता येईना. ब्रिटनला त्यासाठी वेगळा कायदा करायला २००७ उजाडले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दिव्याचा कागद. कॅप्टनला धोका दिसत होता, त्याने तो लिहूनही कळवला होता. 'दिवा बसेपर्यंत मी जहाज काढणार नाही' असे म्हणण्याची ताकद मात्र त्याच्याकडे नव्हती. वेळापत्रक मालकाचे, नोकरी मालकाची. धक्क्यावरच्या दंडाचा खरा उपयोग इथे आहे. 'साहेब, असे सुटलो तर जहाज अडकेल, दिवस फुकट जाईल' हे वाक्य तो कॅप्टनच्या, सारंगाच्या, तांडेलाच्या तोंडी देतो. नैतिकतेवर मालकाशी वाद घालणे नोकराला परवडत नाही. पैशांवर घालता येतो.

जहाजावर कोण चढले, ते कुठे आहे, धोक्याची हाक गुपचूप कशी पाठवायची, हे ठरवणारे नियम २००४ पासून जगभर लागू आहेत. घातपात आणि चाचेगिरीच्या भीतीने ते आले. त्यांच्याकडे मात्र निव्वळ कागदी काम म्हणून पाहिले जाते. जहाजाच्या शिडीपाशी येणाऱ्याची नोंदवही असते; ती पाळी संपताना एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरली गेली तर कोणाचे काय बिघडले, असे वाटते. जहाजाची ओळख आणि जागा सतत कळवणारे एआयएस यंत्र बंद करणे हा तर निर्बंध चुकवून तेल वाहणाऱ्या टँकरांचा धंद्याचा भाग झाला आहे. चाचे जवळ असल्याची भीती असेल तर कॅप्टनला ते यंत्र बंद करता येते, पण तशी नोंद करावी लागते. मी भेद करतो तो इथेच. यंत्र बंद पडणे ही बिघाडाची बाब झाली. बंद करून नोंद न ठेवणे किंवा खोटी जागा दाखवणे हा गुन्हा, आणि दोन जहाजांची टक्कर होण्याची वाट न बघता त्याची शिक्षा व्हायला हवी.

किंबहुना माझ्या योजनेत सगळ्यांत जड शिक्षा खोट्या नोंदीलाच आहे, बुडण्यालाही नाही. कारण बाकी सगळी व्यवस्था दिसण्यावर उभी आहे. बुचातले लोखंड, टाकीतून काढलेले पाणी, न तपासता दिलेला दाखला, या सगळ्यांचे काम एकच: धक्क्यावरच्या माणसाला धोका दिसू नये. तुरुंग ठेवायचा तर यासाठी ठेवा, आणि तो सही करायला लावणाऱ्यापर्यंत न्या. अमेरिकेत प्रदूषणाच्या कायद्यात एक धडा आहे. तेलकट पाणी चोरवाटेने समुद्रात सोडणाऱ्या जहाजाची खबर देणाऱ्या खलाशाला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम न्यायालय देऊ शकते. २०१६ मध्ये 'प्रिन्सेस क्रूझ लाइन्स'ला अशाच चोर पाइपबद्दल चार कोटी डॉलरचा दंड झाला. वाचा फोडली होती ती जहाजावरच्या एका कनिष्ठ इंजिनिअरने. २०१९ मध्ये देखरेखीच्या अटी मोडल्या म्हणून तिच्या मूळ कंपनीला आणखी दोन कोटी भरावे लागले. एवढ्या दंडानेही कंपनी पुरती सुधारली नाही, हे खरे. पण ज्याला दीड शतकापूर्वी नकार देण्याबद्दल तुरुंग होता, त्याच खलाशाला आता बोलण्याबद्दल बक्षीस आहे. सुरक्षेच्या नियमांनाही अशी तरतूद का नसावी?

राहता राहिला प्रश्न धक्क्यावरच्या गर्दीचा, आणि तो टाळून चालणार नाही. शेवटची बोट आहे, अंधार पडतो आहे, माणसे घरी जायला अधीर आहेत आणि निरीक्षक म्हणतो, 'वीस जण उतरा, नाही तर बोट सुटणार नाही.' लोक त्याच्यावरच तुटून पडतील. मालक हात बांधून मजा बघेल, कारण गर्दी त्याच्याच बाजूने बोलत असेल. म्हणून बोट अडकवण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यातच लिहिले पाहिजे की अडकलेल्या प्रवाशांना दुसऱ्या बोटीने किंवा रस्त्याने पोचवण्याचा, तिकिटाचे पैसे परत करण्याचा आणि गरज पडली तर रात्रीच्या मुक्कामाचा खर्च मालकाचा. हा खर्च ज्या दिवशी मालकावर पडेल, त्या दिवशी बोट अडवणारा निरीक्षक प्रवाशांचा शत्रू राहणार नाही आणि ते वीस जण शिडीपाशीच थांबवण्याचे काम मालकाचा माणूस करू लागेल.